सांधण दरी आणि डांगाणातील वाटाडे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील साम्रद या गावाजवळ, सह्याद्रीची मुख्य धार चिरून कोकणाच्या दिशेने उतरत जाणारी एक अरुंद व खोल घळ आहे. तिला सांधण दरी म्हणतात. गेल्या दोन-तीन दशकांत मुंबई, पुणे आणि नाशिक येथून मित्रमंडळींचे गट मोटारींनी साम्रदपर्यंत येतात, या घळीतून चालतात, दोराच्या आधाराने तिचे टप्पे उतरतात आणि तिच्या तळाशी किंवा भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबू ठोकून रात्र काढतात. भटकंतीविषयीच्या अलीकडच्या लेखनात ही दरी बहुधा नव्याने सापडलेली जागा म्हणून वर्णिली जाते. परंतु ज्या डोंगरपट्ट्यात ती आहे, त्याचा इतिहास मुळात वाटांचा इतिहास आहे, आणि त्या वाटा चालवणारा, राखणारा व प्रसंगी अडवून धरणारा स्थानिक माणूस, म्हणजेच वाटाड्या, हा त्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे. सांधण दरीचा विचार त्याला वगळून केला तर हाती फक्त निसर्गवर्णन उरते.

दरीची घडण समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दख्खनचे पठार ज्या काळ्या कातळाचे बनले आहे, तो बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून भेगांवाटे बाहेर आलेल्या लाव्हाचे थर थिजून तयार झाला. एकावर एक साचलेल्या या थरांना उभ्या भेगा असतात, आणि काही ठिकाणी अशा भेगांत नंतरचा लाव्हा शिरून त्याच्या उभ्या भिंती बनतात. या भिंतींना भूशास्त्रात डाइक म्हणतात. भेग असो वा डाइक, सभोवतालच्या कातळापेक्षा जो भाग कमजोर असतो, तो पाणी आधी पोखरते, आणि सह्याद्रीतील अनेक सरळसोट घळी व नळ्या अशाच रेषांवर कोरल्या गेल्या आहेत. सांधण दरीविषयी धरणीकंपाने जमीन दुभंगली अशी समजूत प्रचलित असली, तरी तिच्या भिंती, त्यांच्यामधली धोंड्यांची रास आणि कातळात घासून झालेले डोह पाहिले म्हणजे लाखो पावसाळ्यांच्या पाण्याने केलेले काम तेथे उघड दिसते. दरीची लांबी साधारणपणे २ किलोमीटर आणि भिंतींची उंची सुमारे २०० फूट सांगितली जाते. काही ठिकाणी ती इतकी आक्रसते की दोन्ही हात पसरले तर दोन्ही कातळांना लागावेत, आणि तळाच्या बऱ्याच भागाला दिवसातून फार थोडा वेळ ऊन मिळते.

या जागेचे भौगोलिक वैशिष्ट्य असे की साम्रदच्या परिसरात पाण्याच्या दोन दिशा फुटतात. गावाच्या पूर्वेकडे पडलेला पाऊस प्रवरा नदीला मिळतो, भंडारदऱ्याच्या धरणात साठतो, रंध्याच्या धबधब्यावरून अकोले-संगमनेरकडे वाहतो आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीत मिसळून पूर्व समुद्राच्या वाटेला लागतो. सांधण दरीत शिरलेले पाणी मात्र पश्चिमेला कोकणात उतरते आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला मिळते. ज्या जिल्ह्याची ओळख अवर्षणप्रवण म्हणून आहे, ज्याच्या पूर्व व दक्षिण भागांत वर्षाकाठी ५००-६०० मिलिमीटर पाऊसही भरवशाचा नसतो, त्याच जिल्ह्यातील घाटघर या साम्रदच्या शेजारच्या गावी काही वर्षी ५,००० मिलिमीटरांच्या पुढे पाऊस नोंदला जातो, आणि म्हणून घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणण्याचा प्रघात पडला आहे. या अतिवृष्टीच्या डोंगराळ पट्ट्याला स्थानिक लोक डांगाण म्हणतात. येथील डांगी गायबैल पावसात तग धरतात ते त्यांच्या तेलकट कातडीमुळे, आणि भातखाचरातील चिखलणीला, म्हणजे लावणीपूर्वी चिखल करण्याच्या कामाला, त्यांच्यासारखा दुसरा बैल नाही; राजूरला भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन आजही या पट्ट्यातील मोठी वार्षिक घटना असते. डांगाणातील बहुसंख्य वस्ती महादेव कोळी समाजाची असून ठाकर समाजाच्या वाड्याही आहेत.

कोकणातून पठारावर चढणाऱ्या पायवाटांना घाटवाटा म्हणतात, आणि त्या वाटांचे प्रकार ओळखण्यासाठी मराठीत बारीक भेद करणारे शब्द आहेत. दोन शिखरांमधल्या नैसर्गिक खोलगट जागेतून जाते ती खिंड. दोन कड्यांच्या बेचक्यातून, धोंड्यांनी भरलेल्या ओढ्याच्या पात्रातून चढते ती नळी किंवा नाळ. जेथे बांबूची वा लाकडाची शिडी लावल्यावाचून कातळ चढता येत नाही ती शिडीची किंवा निसणीची वाट. आणि ओझ्याचा बैल जाऊ शकेल असा रुंद मार्ग म्हणजे घाट. या वाटांचा वापर किती जुना आहे, याचा सर्वांत ठळक पुरावा साम्रदच्या दक्षिणेस जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे, जेथे सातवाहन काळातील नागनिका राणीचा शिलालेख आणि जकातीसाठी वापरला जात असल्याचे परंपरा सांगते तो दगडी रांजण आजही पाहता येतो. कल्याणसारख्या बंदरात उतरलेला माल जुन्नर, पैठणपर्यंत नेणारा नाणेघाट हा राजमार्ग होता. त्याच्या उत्तरेला मात्र डझनावारी लहान वाटा होत्या, ज्यांची नोंद कोणत्याही राजाने कोरून ठेवली नाही. साम्रदहून कोकणातील डेहणे या शहापूर तालुक्यातील गावाकडे उतरणारा करोली घाट आणि घाटघरहून चोंढे गावाकडे जाणारा चोंढे घाट या त्यांपैकी दोन होत. सांधण दरीतून दोर न लावता कोकणात उतरणे शक्य नसल्यामुळे ती कधीही घाटवाट नव्हती, आणि आजही दरी उतरून डेहण्याच्या बाजूला पोहोचलेले लोक गावी परत येण्यासाठी बहुधा करोली घाटच चढतात, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

या वाटांवर केवळ मीठ, सुकी मासळी, भात आणि जनावरे यांचीच ये-जा नव्हती. प्रवरेच्या उगमाजवळ रतनवाडी येथे असलेले अमृतेश्वराचे कोरीव मंदिर शिलाहारकालीन मानले जाते आणि परंपरेने ते झंझ राजाशी जोडले जाते, ज्याने बारा शिवमंदिरे बांधल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटात आहे. उत्तर कोकणात राज्य करणाऱ्या घराण्याची छाप घाटमाथ्यावरच्या इतक्या आडबाजूच्या खेड्यात दिसते, ती या वाटा वाहत्या होत्या म्हणूनच. दक्षिणेकडच्या हरिश्चंद्रगडावर चांगदेवांनी शके १२३४ मध्ये, म्हणजे इ. स. १३१२ च्या सुमारास, तत्त्वसार हा ग्रंथ रचला. योगी, यात्रेकरू आणि व्यापारी यांना कड्यांच्या या मुलुखातून नेणारी माणसे अर्थातच होती. त्यांची नावे उरली नाहीत.

मध्ययुगात आणि मराठेशाहीत वाटाड्याचे काम लष्करी महत्त्वाचे झाले. डोंगरी खोऱ्यांना मावळ म्हणत, आणि महादेव कोळ्यांच्या बावन्न मावळांची परंपरा प्रसिद्ध आहे; प्रत्येक मावळावर एक नाईक असे, आणि त्या नाइकाकडे आपल्या टापूतील घाट राखण्याची, किल्ल्यावर शिबंदी म्हणजे पहाऱ्याचे लोक पुरवण्याची आणि चोरीमारीचा बंदोबस्त करण्याची जबाबदारी असे. त्याच्या बदल्यात जमीन, रोख नेमणूक किंवा वाटसरूंकडून घ्यावयाचा लहानसा हक्क त्याला मिळे. रतनगड, अलंग, मदन, कुलंग, हरिश्चंद्रगड, बितनगड आणि पट्टा हे किल्ले एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असले तरी त्यांना जोडणारी खरी सूत्रे म्हणजे कारवीच्या रानातून जाणाऱ्या या पायवाटाच होत. नोव्हेंबर १६७९ मध्ये जालन्याच्या मोहिमेवरून परतताना मोगल फौजांनी वाट रोखली असता, बहिर्जी नाईकाने आडवाटांनी शिवाजी महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप आणले असे इतिहासग्रंथ सांगतात, आणि महाराजांनी तेथे काही दिवस विश्रांती घेतल्यामुळे त्या गडाला विश्रामगड हे नाव मिळाले. छत्रपतींच्या जिवाची शाश्वती एका वाट माहीत असलेल्या माणसावर अवलंबून होती, ही गोष्ट अकोले तालुक्याच्या इतिहासात सोनेरी अक्षरांनी लिहिण्याजोगी आहे.

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि या व्यवस्थेचा पाया हलला. इंग्रजांनी गडांवरील शिबंद्या कमी केल्या, नाइकांच्या नेमणुका कापल्या किंवा बंद केल्या, पुष्कळ किल्ल्यांच्या चढणीच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, आणि ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घाट राखले त्यांना एकाएकी बेकार केले. पुढील तीस वर्षे डांगाण धुमसत राहिले. १८२९-३० मध्ये रामजी भांगरे आणि रामा किरवे यांच्या नेतृत्वाखाली झालेले बंड मोडण्यासाठी इंग्रजांनी घाटाच्या वर आणि खाली दोन्हीकडे तुकड्या ठेवल्या, कारण एका वाटेने कोकणात उतरलेला बंडखोर दुसऱ्या वाटेने परत वर येत असे. रामा किरवे यांना १८३० मध्ये अहमदनगर येथे फाशी देण्यात आले. या मोहिमेत असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने नंतर महादेव कोळी समाजाविषयी विस्तृत निबंध लिहिला, जो १८३६ च्या सुमारास मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो आज या समाजाच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन मानला जातो. मात्र तो लिहिणाऱ्याचे पहिले काम त्या समाजाला नमवणे हे होते, आणि वाचताना हे विसरून चालत नाही. त्यानंतर देवगावच्या राघोजी भांगरे यांनी १८४४ पासून उभारलेला लढा अधिक व्यापक ठरला. सावकारांच्या पिळवणुकीविरुद्ध आणि सरकारविरुद्ध उठलेल्या या लढ्यात राघोजींचे सर्वांत मोठे शस्त्र म्हणजे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या वाटांचे ज्ञान होते, आणि जोवर ते या डोंगरांत होते तोवर इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. जानेवारी १८४८ मध्ये ते पकडले गेले ते डांगाणापासून दूर पंढरपुरात, आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

बंडे मोडली तरी वाटा तशाच होत्या. त्या निरुपयोगी केल्या त्या लोखंडी रुळांनी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग थळ घाटातून इगतपुरीपर्यंत १८६५ मध्ये खुला झाला आणि कसाऱ्याहून पठारावर चढणारा माल एकाच फाट्याने जाऊ लागला. चोंढे, करोली यांसारख्या घाटांवरून डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्यांचे आणि त्यांना वाट दाखवणाऱ्यांचे काम त्यानंतर गावोगावच्या नातेसंबंधांपुरते, बाजारहाटापुरते उरले. त्यातच १८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे मोठे भाग सरकारच्या ताब्यात राखीव झाले, आणि राबासाठी, म्हणजे भाताचे बियाणे पेरण्यापूर्वी पालापाचोळा व फांद्या जाळून वाफा तयार करण्यासाठी, लागणारी रानातली सामग्री आणण्यावरही बंधने आली. घाट राखणारा नाईक दोन पिढ्यांच्या आत मजूर झाला. डांगाणाच्या इतिहासात याहून दुःखाची दुसरी घडामोड नाही.

विसाव्या शतकाने या दुर्गम कोपऱ्यात आणलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे धरण. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर पाटबंधाऱ्यांच्या योजनांना वेग आला आणि प्रवरेच्या वरच्या अंगाला, भंडारदरा येथे, १९१० मध्ये बांधकाम सुरू झाले. सुमारे ८२ मीटर उंचीचे आणि ११ अब्ज घनफूट पाणी साठवणारे हे दगडी धरण पूर्ण होऊन १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणाला विल्सनचे नाव मिळाले आणि जलाशयाला आर्थर हिल या अभियंत्याचे. ज्यांच्या जमिनी आणि घरे पाण्याखाली गेली त्यांची नावे मात्र कोठेही दिली गेली नाहीत. या पाण्यावर खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांत ऊस उभा राहिला, आणि पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला, ज्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. जिल्ह्याच्या संपन्नतेचे पाणी डांगाणात पडते आणि त्याचा पैसा पूर्वेला पिकतो, ही विषमता शंभर वर्षे जुनी आहे. तरीही धरणामुळे एक झाले: घोटीहून भंडारदऱ्यापर्यंत गाडीरस्ता आला, शेंडी हे बाजाराचे गाव झाले, आणि पुढे कोल्हार-घोटी हा राज्यमार्ग संगमनेर, अकोले, राजूर, बारी यांना एका दोरीत ओवून गेला.

रस्त्याचा दुसरा टप्पा घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाने आणला. २००८ मध्ये कार्यान्वित झालेला २५० मेगावॉटचा हा प्रकल्प उदंचन पद्धतीचा आहे. उदंचन म्हणजे विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी पंपांनी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करायची. त्याचा वरचा जलाशय घाटघरला अकोले तालुक्यात आहे आणि खालचा कोकणात चोंढ्याजवळ. म्हणजे ज्या चोंढे घाटाने एके काळी माणसे आणि ओझी वर-खाली होत असत, त्याच कड्याच्या पोटातील बोगद्यांतून आता पाणी वर-खाली होते. प्रकल्पाच्या अवजड वाहनांसाठी सुधारलेल्या रस्त्यांमुळे घाटघर आणि साम्रद ही गावे, जी पावसाळ्यात जगापासून तुटत असत, ती मुंबईहून एका सकाळच्या अंतरावर आली.

दरम्यान शहरांत गिर्यारोहणाची एक चळवळ आकार घेत होती. १९५४ मध्ये मुंबईत गिरिविहार ही संस्था स्थापन झाली, पुण्यात १९८२ मध्ये गिरिप्रेमी सुरू झाली, आणि अशा संस्थांमधून कारकून, विद्यार्थी, कामगार, बँकेतले नोकरदार शनिवार-रविवारी पाठपिशवी घेऊन किल्ल्यांकडे निघू लागले. गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने गड हिंडण्याला मराठी मनात एक भावनिक अधिष्ठान दिले, तर हरीश कपाडिया यांच्या १९७७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या, सह्याद्रीतील भटकंतीवरील इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकाने वाटांची व्यवहारी माहिती हाती ठेवली. ही पिढी एसटीने आणि कसाऱ्याच्या लोकलने येई, गावच्या देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपे, आणि गावातल्या एखाद्या माणसाला वाट दाखवायला बरोबर घेई. त्या माणसाच्या घरची नाचणीची भाकरी आणि चुलीवरचे पिठले हा तिच्या आठवणींचा कायमचा भाग झाला. डांगाणातील वाटाड्याला शंभरेक वर्षांनी पुन्हा काम मिळाले ते येथून. मोबदला फार नव्हता, कित्येकदा तो नुसत्या स्नेहाचाच होता, पण वाट जाणणाऱ्याला मान परत मिळाला, आणि हे या चळवळीचे मोठे देणे होय.

सांधण दरी शहरी भटक्यांसमोर आणण्याचे श्रेय सामान्यतः अरुण सावंत या ज्येष्ठ गिर्यारोहकांना दिले जाते, ज्यांनी सह्याद्रीतील अनेक कडे दोराने उतरण्याच्या मोहिमा केल्या आणि ज्यांचा जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अशाच एका मोहिमेत मृत्यू झाला. त्यांच्या धाडसाविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की येथे शोध हा शब्द मर्यादित अर्थानेच घेतला पाहिजे. ज्या घळीच्या तोंडाशी साम्रदचे गुराखी पिढ्यान्‌पिढ्या जनावरे चारत आले, ती कोणालाच माहीत नव्हती असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. गिर्यारोहकांनी घातलेली खरी भर तांत्रिक आहे: जेथून वाट नव्हती तेथे त्यांनी कातळात खिळे ठोकून, दोर बांधून, कमरेला पट्टा आणि लोखंडी कड्या लावून नियंत्रित रीतीने उतरण्याची वाट काढली. दोराने उतरण्याच्या या तंत्राला रॅपलिंग म्हणतात, आणि त्यामुळे जी दरी गावाच्या दृष्टीने वाटेचा शेवट होती ती कोकणात उतरण्याचा मार्ग बनली.

आज तेथे जाणाऱ्याचा क्रम साधारण असा असतो. साम्रदहून थोडे चालल्यावर दरीचे तोंड लागते. भिंती हळूहळू जवळ येतात, पायाखालची पायवाट संपून मोठमोठे धोंडे सुरू होतात, आणि पुढे दोन्ही बाजूंच्या कातळांना टेकलेले पाण्याचे डोह ओलांडावे लागतात, ज्यांचे पाणी हिवाळ्यात गुडघ्यापासून छातीपर्यंत कोठेही असू शकते व उन्हाळ्यात बरेच आटते. पहिल्या टोकापर्यंत जाऊन परत फिरणारे बहुसंख्य असतात. पुढे जाणाऱ्यांना कातळाचे तुटलेले टप्पे दोराने उतरावे लागतात. त्यांतील पहिला मोठा टप्पा सुमारे ४५-५० फुटांचा आहे. नंतर दरी रुंदावते, पलीकडे कोकणातील रान दिसू लागते, आणि दगडांमधल्या सपाट जागी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी डेहण्याला उतरायचे किंवा करोली घाटाने वर यायचे असे ठरवावे लागते. रतनगड, त्याच्या शेजारचा खुट्टा सुळका, बाण सुळका आणि आजोबा डोंगर ही या पायपिटीतली ओळखीची शिखरे होत.

गावाच्या दृष्टीने या भटकंतीचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य तिच्या काळात आहे. डांगाणातील शेती मुख्यतः पावसाच्या भाताची, नाचणीची आणि वरईची. भात कापून झोडले की घरात धान्य असते पण रोख पैसा नसतो, आणि म्हणून दिवाळीनंतर अकोल्याच्या पश्चिम भागातील कुटुंबे मजुरीसाठी नारायणगाव, जुन्नर, नाशिककडे जातात. हिरड्याचे फळ गोळा करून विकणे हा दुसरा जुना आधार आहे, परंतु त्याचे भाव कधीच भरवशाचे नसतात. सांधण दरीत जाण्याचा हंगाम नेमका नोव्हेंबर ते मे असा, म्हणजे स्थलांतराच्याच महिन्यांचा आहे. वाट दाखवणे, दोर लावायला मदत करणे, जेवण करून घालणे, तंबू भाड्याने देणे, गाड्या राखणे या कामांनी तरुणांना याच महिन्यांत गावात राहण्याचा पर्याय मिळाला, आणि ज्या घरातला तरुण गावात राहतो त्या घरातली मुले शाळेत राहतात. पर्यटनाविषयी कितीही शंका घेतल्या तरी हा लाभ नाकारणे अन्यायाचे होईल. मात्र शहरातील व्यावसायिक संयोजकाने सर्व रक्कम आधीच घ्यायची आणि गावातल्या माणसाला दिवसाची हजेरी द्यायची, ही रीत वाढली तर नाइकाचा मजूर होण्याची जुनी कथा पुन्हा घडेल.

धोका हा दुसरा मुद्दा आहे. पावसाळ्यात सभोवतालचे सारे पाणी याच घळीत उतरते, भिंतींमुळे बाजूला होण्यास जागा नसते, आणि मेअखेरीच्या वळवाच्या एका सरीनेही पात्र अचानक भरू शकते. याचे जगातील सर्वपरिचित उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या अँटेलोप कॅन्यनचे आहे. ती वालुकाश्मात कोरलेली, सांधणीसारखीच अरुंद दरी असून नवाहो या आदिवासी राष्ट्राच्या भूमीत आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक किलोमीटर दूर पडलेल्या पावसाचा लोंढा तिच्यात शिरला आणि दरीच्या जागी पाऊस जवळजवळ नसतानाही ११ पर्यटक मरण पावले. आता तेथे अधिकृत मार्गदर्शकाशिवाय कोणालाही प्रवेश मिळत नाही, आणि त्या प्रवेशाचे नियंत्रण नवाहोंच्या हाती आहे. ढग कोणत्या डोंगरावर बसले म्हणजे कोणता ओढा किती वेळात फुगतो, हे साम्रदच्या माणसाला अनुभवाने कळते. भ्रमणध्वनीवरील नकाशाला ते कळत नाही.

हा सारा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, ज्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर आहे, आणि अकोले तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभांना आपल्या संसाधनांविषयी विशेष अधिकार आहेत. पेसा म्हणजे पंचायतींच्या तरतुदी आदिवासी क्षेत्रांना लागू करणारा केंद्रीय कायदा. हे अधिकार सांधण दरीच्या बाबतीत पूर्ण वापरले गेले पाहिजेत. मे-जूनमध्ये हिरडा, बेहडा, जांभूळ, सादडा या झाडांवर चमकणारे काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्याच्या काठी हजारो गाड्या येतात, आणि त्यांच्या दिव्यांच्या झोतांनी, गोंगाटाने व पायदळी तुडवलेल्या मातीने ज्यांच्यासाठी लोक आले त्या काजव्यांच्याच विणीला बाधा येते, हा अनुभव डोळ्यांसमोर असताना दरीत एका दिवशी किती माणसे उतरावीत, रात्री किती तंबू पडावेत, शेकोटी कोठे पेटावी आणि कचरा कोणी वर आणावा, हे ठरवण्याचा पहिला हक्क साम्रदच्या ग्रामसभेचा आहे. वनविभागाने त्या निर्णयामागे उभे राहावे, आणि कोकणाच्या बाजूने डेहण्याच्या लोकांनाही त्यात स्थान असावे.

एक काम मात्र तातडीचे आहे आणि ते अभ्यासकांचे आहे. करोली, चोंढे आणि त्यांच्या आसपासच्या लहान घाटवाटांनी ओझी घेऊन चाललेली, शिड्या बांधलेली, मोसम पाहून वाट बदललेली शेवटची पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि तिच्याजवळच्या पाणवठ्यांच्या, मुक्कामांच्या व वाटांच्या नावांचा संग्रह झालेला नाही. अकोले, राजूर आणि संगमनेर येथील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी विद्यार्थ्यांचे गट साम्रद, घाटघर, रतनवाडी आणि डेहणे या गावांत पाठवून या वृद्धांच्या तोंडून ही माहिती ध्वनिमुद्रित करावी, वाटा नकाशावर आखाव्यात आणि माहिती देणाऱ्याचे नाव प्रत्येक नोंदीसोबत लिहावे. दरीत उतरणाऱ्या गटांनीही गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा, त्याचा मोबदला आधी ठरवून तो पूर्ण द्यावा, आणि जून ते ऑक्टोबर या काळात सांधण दरीत पाऊल टाकू नये.